धूर की वाफ?

महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावर वेल्ह्याकडे वळणाऱ्या रांगेत गाडी अडकली, की तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकतो आणि बॉनेटच्या फटीतून पांढरे काहीतरी वर येते. पर्वतावर धूर, म्हणून तिथे अग्नी, हा न्यायशास्त्राचा जुना दृष्टांत. पण वाफेला धूर समजलात तर अनुमानच कोसळते, हेही आपल्या तर्कपंडितांनी बजावले आहे. गाडीचा दोष शोधणे हा ज्ञानाचा प्रश्न आहे. तो श्रद्धेवर सोडू नये. इथे अन्वय-व्यतिरेक लावावा, म्हणजे दोष कधी दिसतो आणि कधी नाहीसा होतो ते ताडून पाहावे. उभ्या गाडीत काटा चढतो, कापूरहोळकडे मोकळ्या महामार्गावर धावताना उतरतो. धावत्या गाडीच्या रेडिएटरला वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो पंख्यानेच द्यायचा असतो. म्हणून पहिला संशय पंख्यावर.

फक्त प्रत्यक्ष मानणारा चार्वाक म्हणेल, अनुमानाची खात्री काय? कूलंट कमी असेल, जाळीत चिखल असेल. आक्षेप रास्त आहे, म्हणूनच अनुमान पुन्हा प्रत्यक्षापुढे उभे करायचे. इंजिन निवल्यावर कूलंटची पातळी पाहावी (तापलेले झाकण उघडल्यास उकळते पाणी अंगावर उडते), मग पंख्याला बॅटरीची थेट जोडणी द्यावी. फिरला तर मोटर ठीक. मग फ्यूज, रिले, सेन्सर तपासायचे.

मग दसऱ्याला गाडीला घातलेला हार व्यर्थ का? मुळीच नाही. राबणाऱ्या यंत्रापुढे मान लववणे ही कृतज्ञता आहे, आणि मला ती मोलाची वाटते. फक्त झेंडूची जाड माळ जाळीवर आडवी बांधली, तर आत जाणारा वारा तीच अडवते.