वाचलेला वध आणि पाहिलेला वध

आमचे एक स्नेही ह्या यवतमाळ जिल्ह्यातच, एका तालुक्याच्या गावी, इंग्रजीचे शिक्षक आहेत. शनिवारी शाळा सुटण्यापूर्वी आठवी, नववी व दहावीच्या मुलांस एकत्र बसवून तासभर गोष्ट सांगावयाची, असा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ आहे. गोष्ट इंग्रजी ग्रंथातील, सांगणे मराठीत. गेल्या वर्षी त्यांनी सुझान कॉलिन्स ह्या अमेरिकन लेखिकेची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी सांगावयास घेतली. मुले इतकी रंगली की, ह्या कादंबरीवरील चित्रपट शाळेच्या पडद्यावर दाखवावा, असा हट्ट त्यांनी धरला. मुख्याध्यापकांची ना नव्हती. एका पालकाने मात्र विचारले, "मुलेच मुलांस ठार मारतात असा चित्रपट शाळेने दाखवावयाचा काय?" दुसऱ्याने त्यास उत्तर दिले, "गोष्ट सांगितलेली चालते, तर दाखविलेली का चालू नये?" हा दुसरा प्रश्न आमच्या स्नेह्यांस अडला व त्यांनी तो आमच्याकडे पाठविला. त्यांस धाडलेल्या उत्तरात जे मावले नाही ते येथे लिहीत आहोत.

ज्यांनी हे पुस्तक पाहिले नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगणे अवश्य आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या कादंबरीत, आजची उत्तर अमेरिका नष्ट झाल्यावर तेथे उभे राहिलेले पानेम नावाचे राज्य कल्पिलेले आहे. मध्ये वैभवात लोळणारी राजधानी, आणि भोवती तिला कोळसा, धान्य, कापड पुरविणारे बारा जिल्हे. पूर्वी केलेल्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दरवर्षी बारा ते अठरा वर्षांच्या आतील एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या टाकून राजधानीस द्यावी. त्या चोवीस जणांस एका बंदिस्त रानात सोडावे. एकच उरेपर्यंत त्यांनी एकमेकांचा जीव घ्यावा. आणि हा सोहळा साऱ्या राज्याने दूरचित्रवाणीवर पाहावा. 'पानेम' हा शब्द लॅटिन, त्याचा अर्थ भाकरी. प्रजेस भाकरी आणि खेळ मिळाले की तिला आणखी काही नको असते, ह्या रोमन कवी जुव्हेनलच्या टोमण्यातून तो घेतलेला आहे. रामराज्याच्या नेमके उलट असे राज्य कल्पून त्यात आजचेच दोष वाढवून दाखवावयाचे, ह्या कथाप्रकारास डिस्टोपिया असे नाव आहे. आमच्या स्नेह्यांनी मूळ शब्दाचे भाषांतर सरळ 'जिल्हा' असे केल्यामुळे पहिल्याच शनिवारी एका मुलाने विचारले, "सर, मग आपला जिल्हा कितवा?" कापूस पिकविणाऱ्या मुलखातील मुलास हा प्रश्न सुचावा ह्यात नवल नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन ह्याच जिल्ह्यात कित्येक शेतकरी व मजूर दगावले, ते ह्या मुलांच्या ओळखीचे लोक होते.

आता, अशी गोष्ट मुलांस सांगावी काय, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आज्यांनी केव्हाच देऊन ठेवले आहे. बकासुराची कथा आम्ही पाचव्या-सहाव्या वर्षी ऐकली. एकचक्रा नगरीतील प्रत्येक घराने आपली पाळी आली म्हणजे गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस राक्षसास द्यावयाचा. पांडव ज्या ब्राह्मणाकडे उतरले होते त्याची पाळी येते. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. इतक्यात बोबडे बोलणारे लहान मूल हातात गवताची काडी घेऊन पुढे येते व म्हणते, ह्या काडीने मी त्या राक्षसास मारीन. आणि त्या रडणाऱ्या घरास क्षणभर आनंद होतो. महाभारतकारांनी प्रत्यक्ष वधापेक्षा ह्या घरातील बोलण्यासच अधिक जागा दिली आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आम्हांस बकासुराचे मोडलेले हाड आठवत नाही. ती गवताची काडी आठवते.

कॉलिन्सबाईंनी आपली कथा ग्रीकांच्या थीसियसच्या कथेवरून सुचल्याचे सांगितले आहे; परंतु धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघताच "तिच्याऐवजी मी" म्हणून पुढे होणारी त्यांची सोळा वर्षांची नायिका आम्हांस त्या ब्राह्मणकन्येचीच बहीण वाटते. भेद इतकाच की येथे भीम येत नाही. शिवाय बकासुर भुकेपोटी खात होता. राजधानीतील लोक पोट भरल्यावर करमणूक म्हणून पाहतात. पुस्तकाचा सारा रोख ह्या पाहणाऱ्यांवर आहे. ते स्वतः कोणास मारीत नाहीत, प्रसंगी डोळेही पुसतात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा पाहावयास बसतात.

येथेच सांगणे आणि दाखविणे ह्यांतील भेद उभा राहतो. कादंबरी नायिकेच्याच तोंडून सांगितलेली आहे. तिला जे दिसते तेवढेच वाचकास दिसते. तिच्या मागून कोणी येत असेल तर त्याची चाहूल तिच्याइतकीच आपल्यालाही उशिरा लागते. बारा वर्षांची रू नावाची मुलगी तिच्या मांडीवर मरते तेव्हा वाचणाऱ्या मुलास त्या दोघींपासून दूर होण्यास जागाच नसते. चित्रपटास हे साधत नाही. कॅमेऱ्यास कोठे तरी उभे राहावे लागते, आणि तो जेथे उभा राहतो ती जागा बहुधा राजधानीतील प्रेक्षकाचीच असते. २०१२ च्या चित्रपटात तर खेळाचे सूत्रधार ज्या दालनातून रानात आगी लावतात व श्वापदे सोडतात ते दालनही आपण आतून पाहतो. पुस्तकात जो मुलगा त्या मुलीच्या अंगाने पळत होता, तोच मुलगा पडद्यासमोर खुर्चीवर बसून 'आता कोण उरणार?' ह्याची वाट पाहू लागतो. ज्या पाहण्याचा लेखिकेने धिक्कार केला तेच पाहणे त्याच्या वाट्यास येते.

हा भेद आपल्या प्राचीन नाट्यशास्त्रकारांस ठाऊक होता. युद्ध, मरण, नगरास पडलेला वेढा ह्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या पात्रांच्या बोलण्यातून सूचित कराव्यात, असा त्यांचा दंडक आहे. भासाच्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो, तो अपवाद म्हणूनच प्रसिद्ध झाला. हा दंडक घालणारे लोक कोमल मनाचे होते असे मानण्याचे कारण नाही. त्याच लोकांनी सौप्तिकपर्वातील झोपलेल्या मुलांची कत्तल श्रद्धेने ऐकली होती.

कोणी म्हणेल, चित्रपटांस वयाचे प्रमाणपत्र असते, मग चिंता कशाची? आपल्याकडे १९५२ च्या कायद्याने ही व्यवस्था घातली, १९८३ मध्ये पालकांच्या मार्गदर्शनाने पाहण्याचा मधला वर्ग निघाला, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या वर्गाच्या सात, तेरा व सोळा वर्षे अशा तीन पायऱ्या झाल्या. पुस्तकांस असे काही नाही, आणि नसावे हेच बरे. ह्या पायऱ्या निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. नऊ वर्षांच्या मुलास हातात भ्रमणध्वनी देऊन निजावयास जाणाऱ्या घरात त्या कोणी वाचतो की नाही, हा निराळा प्रश्न. परंतु परीक्षक मोजतात ते बहुशः रक्त. इंग्लंडात ह्याच चित्रपटातून सुमारे सात सेकंदांचा भाग, मुख्यतः रक्ताचे शिंतोडे, काढून टाकल्यावर तो बारा वर्षांच्या मुलांस, आणि मोठे माणूस सोबत असल्यास त्याहून लहानांसही, खुला झाला. मारणारे तितकेच आणि मरणारे तितकेच. फक्त मरण स्वच्छ झाले. आम्हांस विचाराल तर असे धुतलेले मरणच मुलांस अधिक अपायकारक होय. रक्त पाहून मूल निदान तोंड फिरविते.

चित्रपटाच्या बाजूने जे म्हणता येईल तेही म्हटले पाहिजे. रू मेल्यावर तिच्या जिल्ह्यातील लोक खवळून उठतात, हा प्रसंग चित्रपटकारांनी आपल्या पदरचा घातला आहे. पुस्तकात त्या जिल्ह्याकडून नायिकेस एक पाव येतो, एवढेच. तो पाव आम्हांस अधिक प्रिय आहे. परंतु खवळलेला समुदाय पाहून एखाद्या मुलास अन्यायाची चीड प्रथम कळली तर त्या दृश्यास नावे कशी ठेवावी?

आणि पुस्तकाच्या बाजूने आम्ही जे बोललो त्यातही एक खोट आहे. वाचणारे मूल आपल्या कल्पनेस झेपेल तेवढेच चित्र रंगविते, म्हणून पुस्तक निर्धोक, असे म्हणण्याकडे आमचा कल होता. ही समजूत आमच्या स्नेह्यांच्या दुसऱ्या पत्राने डळमळली. कादंबरीच्या तिसऱ्या भागात, २०१० च्या 'मॉकिंगजे'मध्ये, एका गाण्याची आठवण येते. ते बापाने मुलींस शिकविलेले, फाशीच्या झाडाचे गाणे. दोघी लहान बहिणी ते गुणगुणत दोरीच्या तुकड्यांच्या माळा करीत बसल्या होत्या. आईने ते पाहिले आणि ती संतापली. त्या दिवसापासून ते गाणे घरात बंद झाले. २०१४ च्या चित्रपटात हेच गाणे नायिका म्हणते, मग चाल करून जाणारा जमाव म्हणतो, आणि चित्रपटाबाहेर ते कित्येक देशांत लोकप्रिय गीतांच्या यादीत जाऊन बसले. पुस्तकात जे आईचे भय होते त्याची पडद्यावर चाल झाली. येथपर्यंत आमचा सिद्धान्त ठीक चालला होता. परंतु स्नेह्यांनी लिहिले, "माझ्या वर्गात दोन मुले अशी आहेत की ज्यांच्या बापांनी शेतातल्या झाडास गळफास घेतला. मी हा भाग सांगू काय?"

ज्या गावी २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले, त्या गावी राहून हा प्रश्न आम्हांस आधी सुचू नये, ह्याची आम्हांस लाज वाटली. तेरा वर्षांस योग्य, सोळा वर्षांस योग्य, असे आम्ही बोलत होतो तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे एकच मूल होते, आणि त्याचा बाप संध्याकाळी घरी येत होता. एका बाकावर बसणाऱ्या दोन तेरा वर्षांच्या मुलांपैकी एकास जी कल्पित कथा, ती दुसऱ्यास घरची हकीकत. पडद्यावर असो वा पानावर, त्या दुसऱ्या मुलास दोरीचा तुकडा सारखाच दिसणार. येथे प्रमाणपत्र उपयोगी नाही, आणि आमचा वाचण्या-पाहण्यातील भेदही फारसा उपयोगी नाही. उलटपक्षी, त्याच मुलास ही कथा इतरांहून अधिक हवी असेल, आपल्यासारखे कोणी पुस्तकात तरी भेटले म्हणून त्यास धीरही येईल, हेही तितकेच संभवनीय. बाहेरून हे कळावयाचे कसे? सांगणारा माणूस मुलांच्या तोंडाकडे पाहून थांबू शकतो; यंत्र थांबत नाही. तोंडी सांगण्याचा एवढा एक लाभ तेव्हाही आमच्या हाती उरला.

आम्ही स्नेह्यांस लिहिले ते असे: चित्रपट आठवीस दाखवू नये. नववी-दहावीस, ज्यांनी गोष्ट पूर्ण ऐकली आहे त्यांसच, पहिला भाग दाखवावा, मध्ये थांबवून बोलावे, आणि ज्यास यावयाचे नसेल त्याने न यावे. कारण विचारू नये. गाण्याचा प्रसंग तूर्त गाळावा.

त्यांनी तसे केले. दिवाळीनंतर त्यांचे पुन्हा पत्र आले. शेवटच्या शनिवारी गोष्ट संपली, मुले उठली, आणि आठवीतील एक मुलगी मागे राहिली. तिने ते पुस्तक कोठून तरी मिळवून आधीच वाचले होते. ती म्हणाली, "सर, ते झाडाचे गाणे तुम्ही का सोडले?" ह्यावर आपण काय उत्तर दिले ते स्नेह्यांनी लिहिलेले नाही. ती मुलगी कोणत्या घरची, हेही लिहिलेले नाही, आणि आम्ही विचारले नाही.