विटाळ नेमका कुणाचा?

प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेवरचे भाष्य सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतले. तेराव्या अध्यायातल्या ज्ञानाच्या लक्षणांत अहिंसा आणि शौच एकाच श्लोकात येतात. व्यवहारात मात्र आपण त्यांची फारकत केली आहे. अहिंसा दयेच्या खात्यात गेली, शौच सोवळ्याओवळ्याच्या.

नेवासे ज्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे, तिथे आज गटारीच्या कडेने डुक्कर जाताना दिसले की माणसे नाक मुरडतात. विष्णूचा तिसरा अवतार वराहाचा, तरी जिवंत वराह ओवळाच. त्याला पाळणाऱ्या कैकाडी, वडार कुटुंबांच्या वाट्यालाही तोच विटाळ आला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ने (२०१३) तो अपमान पडद्यावर आणला.

डुकरातून रोग येतो हे खरेच. १८८५ साली अमेरिकेत डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत जो जिवाणू सापडला, त्याला पुढे सॅल्मन यांच्यावरून ‘साल्मोनेला’ हे नाव मिळाले. पण माणसाला विषमज्वर देणारा जिवाणूही याच कुळातला, आणि तो माणसाच्याच विष्ठेतून पसरतो. मग ओवळे कोण?

साल्मोनेला अनेक डुकरांच्या आतड्यात काही लक्षण न दाखवता राहतो. जनावर धडधाकट दिसते. त्याला उपाशीपोटी ट्रकमध्ये कोंबले, अनोळखी कळपात सोडले, तासन्‌तास खोळंबत ठेवले, की ताणामुळे विष्ठेतून पडणारे जिवाणू वाढतात आणि शेजारच्या जनावरांना लागण होते. दाटीची, ओली शेड, उंदीर आणि दूषित खाद्य यांनी त्यात भर पडते. थोडक्यात, जनावराचे हाल केले की घाणही वाढते. शौच आणि अहिंसा एका श्लोकात का, याचे एक उत्तर शेडमध्येच मिळते.

माळकरी इथे विचारील, शेवटी सुरीच फिरणार, तर अहिंसेची भाषा कशाला? प्रश्न रास्त आहे आणि स्वच्छ शेडने तो मिटत नाही. मांस खावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण सुरी फिरण्याआधीचे सगळे दिवस पाळणाऱ्याच्या हातात असतात, आणि त्या दिवसांचा जाब त्यालाच द्यावा लागेल. त्या दिवसांतली घाण प्रतिजैविकांनी झाकू पाहणे म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू घडवणे. त्याची किंमत मांस न खाणाऱ्यांच्या घरीही मोजावी लागते.

म्हणून वराहपालकांनी खरकटे उकळूनच द्यावे, शेड धुऊन कोरडी ठेवावी, जनावरांची दाटी टाळावी. नगरपालिकांनी उघड्या गटारी आणि कचऱ्याचे ढीग आवरावेत. आणि आपण बाकीच्यांनी आपणच केलेल्या घाणीचा विटाळ जनावरावर आणि ते पाळणाऱ्यावर टाकणे आजपासून थांबवावे.