खालचा स्वर

बास गिटार मी 47 व्या वर्षी घेतली. का घेतली, हे लोकांना सांगतो ते वेगळंच: लहानपणापासूनची हौस, आता मुलं मोठी झाली, वगैरे. खरं कारण असं की तिला चारच तारा असतात. साध्या गिटारच्या सहा तारांवर बोटं वळेनात, तेव्हा हे सोपं दिसलं. शिवाय नंदुरबारात गिटारवाले भेटतात, बासवाला शोधून सापडत नाही. स्पर्धाच नसेल तिथे पहिलं यायचा मोह मला जुनाच आहे.

शिकलो मोबाईलवर. आता मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला बासचे स्वर झेपत नाहीत. सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला जेमतेम 41 कंपनं. म्हणजे कित्येक आठवडे मी शिकवणाऱ्याचं वाजवणं ऐकतच नव्हतो, नुसती बोटं पाहत होतो. आकार पाठ केले. हे बोट इथे, ते तिथे, झाली मेजर कॉर्ड. वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे सारेगम घरचंच. सा, ग, प एकत्र वाजले की मेजर, गंधार कोमल केला की मायनर, एवढं ऐकलं आणि ‘हं, कळलं’ म्हणून पुढे सरकलो.

थांबायला हवं होतं ते तिथेच. आपल्याकडे सा बसलेला असतो. तंबोरा एकदा जुळला की गाणं कुठेही हिंडो, घर जागेवर असतं. कॉर्डच्या संगीतात घरच सरकतं, आणि ते सरकवणारा बहुतेक वेळा बासवाला असतो. कीबोर्डवर सी, ई, जी दाबून ठेवा. खाली बासने सी धरला तर ती सी मेजर. बास ए वर गेला की वरचं एकही बोट न हलता तीच ए मायनर सेव्हन होते. आमच्या नवापूर स्टेशनावर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. बसणारा माणूस तोच, त्याचं राज्य कोणतं ते खालची रेघ ठरवते. ही उपमा सुचली तेव्हा मी स्वतःवर इतका खूश झालो की चार जणांना ऐकवली. रेघ मारण्याचं काम आता आपल्याकडे आलंय, हे मात्र डोक्यात शिरलं नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचा हौशी ग्रुप गावाबाहेरच्या एका खोलीत जमायचा. जवळच मिरचीच्या पथाऱ्या, वारा फिरला की सगळे खोकत. कीबोर्डवर नवापूरकडचा एक मुलगा, कॉलेजात शिकणारा. चर्चमध्ये वाजवून हात तयार झालेला, दर रविवारी गाडीने यायचा. गाणं ए मायनरमधलं. मी नुसता ए धरून बसलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण नुसता ए कोण ऐकणार? म्हणून मधले स्वरही घ्यायला लागलो. पाठ होता तो आकार मेजरचा. मायनरला बोट एक फ्रेट मागे हवं, चौथ्याऐवजी तिसऱ्यावर. लिओ फेंडरने 1951 साली बासला फ्रेट बसवले आणि तिचं नावच ‘प्रिसिजन’ ठेवलं, कारण फ्रेटमुळे स्वर नेमका लागतो. लागतो खरा. कुठला लावायचा हे फ्रेट सांगत नाहीत.

पेटीच्या भाषेत सांगायचं तर मुलगा पांढरी एक दाबत होता आणि मी खालून काळी एक वाजवत होतो. गायक थांबला. “अरे, मायनर दाब ना, मायनर!”

हे तो मला नाही म्हणाला. त्या मुलाला म्हणाला.

मुलाने बोटांकडे पाहिलं, “हो दादा” म्हणाला आणि पुन्हा तेच वाजवलं, कारण ते बरोबरच होतं. पुन्हा खटकलं. पुन्हा त्यालाच ऐकून घ्यावं लागलं. मला कधी कळलं? पहिल्यांदा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. दुसऱ्यांदा शंका आली. तिसऱ्यांदा मी अ‍ॅम्पचा आवाज हळूच कमी केला. शंका होती तर आवाज का कमी केला? शंका असलेला माणूस विचारतो. म्हणजे मला कळलेलं होतं.

गंमत पाहा, तोवर मी सगळ्यांना एकच रडगाणं ऐकवायचो: बासवाल्याला कुणी विचारत नाही. दाखला ठरलेला. आर. डी. बर्मनकडे बास वाजवणारे टोनी वाझ; त्यांनी वाजवलेल्या गाण्यांवर आपण वरातीत नाचलो, पण नाव किती जणांना ठाऊक? मला तरी कुठे होतं, पन्नाशी जवळ येईपर्यंत? तक्रार खोटी नाही. पण त्या रविवारी कुणाचं लक्ष नसण्याच्या त्याच आडोशाला मी बसलो होतो, आणि मला तिथे फार सुरक्षित वाटलं.

ऑफिसात मी असं करतो का? घाईत चुकीचा आकडा सांगायचा, आणि टाइप करणाऱ्याला साहेबांनी झापलं की फायलीत डोकं घालायचं? एकदा केलंय, हे पक्कं आठवतं. बाकीच्या वेळा आठवत नाहीत. नव्हत्याच की मला त्या ऐकूच आल्या नाहीत?

घरी जाऊन आकार सुधारला. जाडी तार मोकळी सोडून कान लावला, तर तिच्यातून एक बारीक, न छेडलेला गंधार वर येत होता. तंबोऱ्याच्या खर्जातून येतो तसाच, शुद्ध. म्हणजे खालच्या स्वराच्या पोटात मेजर थोडी असतेच. वर कोमल गंधार घेणाऱ्याला मुळातच जपून चालावं लागतं, आणि मी तिथे आणखी एक काळी एक आपटली होती. हे समजलं म्हणून आनंद झाला, नवीन माहिती मिळाल्याचा. मुलाला फोन करावा असं काही सुचलं नाही.

पुढच्या रविवारी मी तिसऱ्या फ्रेटवर. निर्धास्त. गाणं सुरू झालं आणि पुन्हा खटकलं! गायक पुन्हा त्या मुलावरच उखडला. यावेळी चूक खरोखर त्याची होती: तो काळी एक दाबत होता.

“मागच्या वेळचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं,” तो म्हणाला. “सर खाली सी शार्प घेत होते. सर घेतात म्हणजे तेच बरोबर असणार, म्हणून मी बदललं.”

मी म्हटलं, “नाही रे, तुझंच बरोबर होतं. चूक माझी होती.” गायक हसला, बाकीचेही हसले, आणि माझा कबुलीजबाब चक्क मोठेपणात जमा होऊ लागला. मीही ते होऊ देत होतो.

मुलगा हसला नाही. “त्या दिवशी कळलं होतं का, सर?”

“हो,” म्हणायला मला वेळ लागला. तेवढ्यात त्याने खाली पाहून बोट काळ्या एकवरून पांढऱ्या एकवर आणलं होतं.