वारं गेलं, की गुठळी अडकली?

आमच्या गंगाखेडकडे पक्षाघाताला ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. वाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. त्यामुळे या शब्दात सगळ्यांची सुटका आहे: घरच्यांची, डॉक्टरांची, सरकारचीही.

गुठळीचं तसं नाही. मेंदूच्या मोठ्या धमनीत ती अडकली, तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी वरपर्यंत सरकवतात, जाळीदार स्टेंट गुठळीत उघडतात आणि गुठळीसकट बाहेर ओढून घेतात. निवडक रुग्णांना याचा मोठा फायदा होतो, हे 2015च्या सुमारास पाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी दाखवलं. त्याआधी अशा गुठळीपुढे मुंबई आणि गंगाखेड जवळजवळ सारखेच हतबल होते. आता नाहीत. दुर्दैव आणि अन्याय यांच्यातली रेषा पक्की नसते, असं ज्युडिथ श्क्लार यांनी 1990च्या ‘द फेसेस ऑफ इनजस्टिस’मध्ये मांडलं होतं. इथे ती आमच्या डोळ्यांदेखत सरकली.

मग तालुक्यातालुक्यात कॅथलॅब हवी? सर्व्हर जवळ आणा, विलंब कमी होईल, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं ठरलेलं उत्तर. इथे ते चालत नाही. वर्षाकाठी चारदोन गुठळ्या काढणारा हात तरबेज राहत नाही. म्हणजे थोडं अंतर राहणारच. परभणी चाळीसेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर त्याहून कितीतरी लांब. अशा झटक्यात मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा जेफ्री सेव्हर यांचा 2006चा अंदाज आहे. तो ऐकला की माणूस हातपायच गाळतो: आता नेऊन काय उपयोग?

पण ही सरासरी आहे. काहींच्या मेंदूत आडवाटेच्या रक्तवाहिन्या बराच वेळ तग धरतात. 2018च्या ‘डॉन’ चाचणीत स्कॅन पाहून निवडलेल्या रुग्णांना 6 ते 24 तासांनीही फायदा झाला. म्हणून स्कॅनआधीच ‘उशीर झाला’ म्हणणाऱ्याने रुग्णाच्या वतीने निर्णय घेऊन टाकलेला असतो, आणि हे त्याचं त्यालाही कळत नाही.

खर्च लाखांत जातो. बापासाठी एकरभर रान विकायचं की नाही, हे मुलाने ठरवावं. नाही म्हणाला तर त्याला दोष देणारा मी कोण? पण असा काही उपचार आहे, हे त्याला त्या रात्री कळायला तर हवं. सगळं तालुक्याच्या डॉक्टरवर ढकलणंही मला पटत नाही. रात्री दोन वाजता त्याने फोन कुणाला लावायचा आणि रुग्ण कुठे धाडायचा, हे आधीच कुणीतरी ठरवून त्याच्या टेबलासमोर चिकटवून ठेवायला हवं.