कच्चा जोड

(वाचनासाठी : गलतीकरांस पत्र, अध्याय 6, वचन 1)



तळेगाव दाभाडे येथे 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, हे मावळातील पुष्कळांस ठाऊक आहे. काचेच्या धंद्यात फुटका तुकडा वाया जात नाही. तो नव्या वाळूबरोबर भट्टीत जातो, वितळतो आणि पुन्हा काच होतो. हा दृष्टांत आम्ही उपदेशात अनेकदा योजिला आहे. परंतु मोडलेल्या प्रत्येक वस्तूस भट्टीच लागते काय? याचे उत्तर आम्हांस त्याच गावी, एका विश्वासी कुटुंबाच्या ओसरीवर मिळाले.

त्या घरच्या लहान मुलाची सेलवर चालणारी आगगाडी बंद पडली होती. आजी म्हणाली, "टाकून दे रे, मेली ती." मुलाचे डोळे भरून आले. वडिलांनी आधी सेल बाहेर काढले, मग एकेक स्क्रू सोडवून क्रमाने ताटलीत ठेविला. उघडून पाहतात तो मोटर शाबूत, चाके शाबूत! जुना सेल गळून धातूच्या पट्टीवर पांढरा क्षार मात्र साचला होता. आणि मोटरीची एक तार दिसावयास चिकटलेली, पण तिच्यातून प्रवाह जात नव्हता. कारागीर यास ड्राय सोल्डर म्हणतात. आपण कच्चा जोड म्हणू.

वडिलांनी क्षार पुसून पट्टी लख्ख केली व तार खरवडली. मळलेल्या धातूस सोल्डर धरीत नाही. वरून ओतले तरी थेंबासारखे बसते आणि सुटून येते. शिवाय एकच बाजू तापवून भागत नाही. तार व पट्टी दोन्ही सारख्या तापल्या, म्हणजेच राळेच्या साह्याने ते पसरते व जोड पक्का होतो. शेवटी दीड दीड व्होल्टचे दोन नवे सेल घातले, आणि गाडी धावू लागली.

प्रियहो, अपराधात सापडलेल्या मनुष्यास सौम्यतेने पुन्हा ठिकाणावर आणा, असे पौल सांगतो. तेथे मूळ ग्रीक भाषेत जे क्रियापद आहे, तेच मत्तयाच्या चौथ्या अध्यायात याकोब व योहान आपली जाळी नीट करीत होते तेथे आले आहे. जाळे फाटले म्हणून कोळी ते जाळीत नाही. मांडीवर घेऊन शिवतो.

आपल्या मंडळ्यांकडे पाहा. दारूच्या नादी लागलेला, अथवा वर्गणीच्या हिशेबात चुकलेला एखादा भाऊ प्रभुभोजनास येईनासा होतो. आपण वहीतून त्याचे नाव खोडतो आणि त्या आजीप्रमाणे म्हणतो, "मेला तो." उपदेशक बंधूंनो, हा प्रश्न आम्ही प्रथम स्वतःस विचारतो : त्याच्या उंबऱ्यावर बसून, आत नेमके काय तुटले आहे, हे आपण कधी पाहिले काय?

उलटपक्षी, नाताळास हात मिळविला, मागचे कोणी काढले नाही, आणि समेट झाला असे मानले, तर तोही कच्चाच जोड होय. पापाची कबुली म्हणजे ते खरवडणे. त्यावाचून काही धरणार नाही. पण एकटा अपराधीच तापावा आणि मंडळी थंड राहावी, असे असेल तर तो जोड कसा टिकेल? ज्यांचे मन त्याने दुखविले, त्यांचीही मने प्रीतीने ऊन झाली पाहिजेत. पौल म्हणूनच बजावतो की, सुधारणाऱ्याने स्वतःकडेही लक्ष द्यावे, कारण मोह त्यासही आहे.

आणि हे विसरू नका : जोड पक्का झाला तरी सेलावाचून गाडी हालत नाही. जोडण्याचे काम आपल्या हाती आहे. चालविणारे सामर्थ्य प्रभूचे आहे.

तर या आठवड्यात प्रत्येकाने एका दारी जावे. हातोडा नेऊ नये. वेळ न्यावा, प्रार्थना न्यावी. आमेन.