ब्यूलरला काहीच ठाऊक नव्हते

हान्स ब्यूलर स्वित्झर्लंडमधल्या ‘क्रिप्टो एजी’ या कंपनीचा विक्रेता होता. संदेश सांकेतिक भाषेत बदलणारी यंत्रे तो परक्या सरकारांना विकत असे. मार्च १९९२ मध्ये इराणने त्याला तेहरानमध्ये पकडले. आरोप हेरगिरीचा. नऊ महिने तो तुरुंगात होता. चौकशीत त्याच्याकडे कबूल करण्यासारखे काही नव्हतेच, कारण त्याला खरोखर काही ठाऊक नव्हते. अखेर दहा लाख डॉलर भरून त्याची सुटका झाली. मग कंपनीने त्याला नोकरीवरून काढले आणि ते पैसेही त्याच्याकडे परत मागितले.

या यंत्रांविषयीचा इराणचा संशय मात्र खरा होता. अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या हेरसंस्थांनी १९७० मध्येच ही कंपनी ५७.५ लाख डॉलरला गुपचूप विकत घेतली होती. यंत्रांतले गणित मुद्दाम कच्चे ठेवले जाई. म्हणजे ग्राहकाला कुलूप मिळे, पण दुसरी किल्ली या दोघांकडे राही. बीएनडी १९९३ मध्ये बाहेर पडली, सीआयए २०१८ पर्यंत राहिली. फेब्रुवारी २०२० मध्ये पत्रकारांनी हे उघड केले. शंभराहून अधिक देशांनी ही यंत्रे घेतली होती. त्यांत भारत होता आणि पाकिस्तानही.

हेरगिरी प्रत्येक देश करतो. शत्रूचा बेत आधी कळला तर माणसे वाचतात, हे मी नाकारत नाही. माझे मन अडते ते ब्यूलरपाशी. तो खोटे बोलत नव्हता, म्हणूनच तो चांगला विक्रेता होता. त्याच्या मालकांनी त्याचा खरेपणाच आडोसा म्हणून वापरला, आणि तो संकटात सापडल्यावर त्याला वाऱ्यावर सोडले. याच कंपनीतल्या एका बुद्धिमान अभियंता स्त्रीला यंत्रांतल्या उणिवा दिसल्या. त्या दूर करायला ती धडपडत होती आणि वरून तिला अडवले जात होते. आपले काम नीट करणे हाच तिथे अपराध ठरला होता. माणसाच्या सचोटीचा असा वापर करण्याचा अधिकार कोणत्याही देशहिताला नाही, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. अर्जेंटिनात लष्करी राजवट आपल्याच नागरिकांना बेपत्ता करत होती, तेव्हा तीही याच यंत्रांची ग्राहक होती. हे संदेश ऐकणाऱ्या हेरसंस्थांना काय कळले आणि त्यांनी काय केले, याविषयी बाहेर आलेली कागदपत्रे जवळजवळ गप्प आहेत. खासगी कंपनीच्या पाटीमागे बसून जग ऐकणाऱ्याला जाब कोण विचारणार? नोव्हेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडच्या संसदीय समितीने सांगितले की, त्यांच्या स्वतःच्या गुप्तचर खात्यालाही १९९३ पासून हे माहीत होते.

आज पुण्यात, बंगळूरमध्ये, परदेशात आपली कितीतरी मुले-मुली कंपन्यांसाठी अशाच सुरक्षिततेच्या प्रणाली लिहितात. त्यांना माझी विनंती आहे. प्रणालीतली एखादी उणीव तशीच राहू द्या, असे कुणी सांगितले, तर ती कुणासाठी हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.