ओली ताटली

श्रावणात कपाशीवर तुडतुडे दिसू लागले आणि गुडीहत्नूरच्या शिवारात पाठीवरच्या फवारणी पंपांची घरघर सुरू झाली. आयटीआय करून आलेल्या एका पोराने शेजारच्या काकांचा नवाकोरा पंप मागून आणला. पेट्रोलचा खर्च वाचवायचा, हा त्याचा ध्यास. चैत्रात आजीने पहाटे वेचून वाळवलेली मोहाची फुलं त्याने गुपचूप भिजवली, आंबवली आणि गोठ्यामागे तीनदा गाळली.

गाळून आलेलं थोडं ताटलीत ओतून त्याने काडी लावली. निळी ज्योत उठली. पोरगा हरखला. ज्योत विझली तेव्हा ताटलीच्या तळाशी ओल उरली होती. ती त्याने बाहीने पुसून टाकली.

वासावरून आजीला कळलंच. "लेका, परवान्याशिवाय गाळणं गुन्हा आहे. आणि गोठ्यात कडबा, शेजारी जाळ!"

"प्यायला नाही गं, इंधन आहे. पेट्रोलमध्येही आता वीस टक्के हेच असतं."

बोलणं खोटं नव्हतं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून विकलं जातंय. पॉवर अल्कोहोलचा, म्हणजे इंधनात वापरायच्या अल्कोहोलचा, कायदा तर देशात १९४८ सालीच झाला होता. पोराची कल्पना चांगलीच होती, आणि म्हणूनच पुढचं मनाला लागतं.

गाळलेलं त्याने पंपाच्या टाकीत भरलं. चोक देऊन, दोरी ओढून ओढून इंजिन एकदाचं खोकत सुरू झालं. कपाशीच्या दोन ओळी होईपर्यंत चाललं. मग आवाज चिरकला आणि बंद पडलं. दोरी जागची हलेना.

हायवेवरच्या मिस्त्रीमामांनी सिलिंडर खोलला. पिस्टनवर उभे ओरखडे. मामांनी आत बोट फिरवलं, बोट कोरडं.

"इंधनात तेल घातलं होतंस?"

"नेहमीएवढं."

मामांनी टाकीतलं उरलेलं काचेच्या बाटलीत ओतून हलवलं. थोड्या वेळात टू-टी ऑइलचे थेंब वेगळे होऊन काचेला चिकटले.

"हे तेल याच्यात मिसळत नाही, एरंडेल मिसळतं. शिवाय किलोभर पेट्रोल जाळायला साडेचौदा किलो हवा लागते, याला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेत हे दीडपटीहून जास्त जायला पाहिजे. तू कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवलास. इंजिन उपाशी राहून तापलं, वर तेल नाही."

"पण पेट्रोलमध्ये मिसळतातच की!"

"मिसळतात त्या इथेनॉलमध्ये अर्धा टक्काही पाणी नसतं. नुसतं गाळून शेवटचं चार-पाच टक्के पाणी सुटत नाही, कितीदाही गाळ. कारखान्यात ते वेगळं शोषून काढतात. पेटवून बघितलं होतंस?"

"हो."

"विझल्यावर ताटली कशी होती?"

पोरगा बराच वेळ गप्प राहिला. "ओली होती. मी पुसली."

मामा काही बोलले नाहीत. नवा पिस्टन बसवला. त्याचे पैसे पोराने आपल्या मजुरीतून दिले. जुना पिस्टन मामा फडक्याने पुसून टाकणार होते.

"नका पुसू, मामा."

दिवेलागणीला तो काकांकडे गेला. दुरुस्त केलेला पंप त्याने ओट्यावर टेकवला आणि शेजारी तो पिस्टन ठेवला, ओरखडे वर करून.